बालीत स्कूटर भाड्याने घ्यावी का? चालवता येण्यापेक्षा पडल्यावरचं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ३४, पुण्यात रोज ॲक्टिव्हा चालवता. ऑगस्टमध्ये नवरा-बायको आठ दिवसांसाठी बालीला चाललाय: चार रात्री उबुद, तीन रात्री चांगू आणि मधला एक दिवस शेजारच्या नुसा पेनिडा बेटावर. ड्रायव्हरसकट गाडी रोज घेतली तर बजेट फुगतंय, म्हणून स्कूटर भाड्याने घ्यायचा विचार आहे. मित्र म्हणतो, तिकडे लायसन्स कोणी विचारत नाही. दुकानदार पासपोर्ट ठेवून घेतो असं वाचलंय, तो द्यावा का? आणि स्कूपी घ्यावी की एनमॅक्स?

मी कोण ते आधी सांगतो. डोंबिवलीत माझं दुचाकींचं गॅरेज होतं, अकरा वर्षं चालवलं. मग भावाच्या टूरच्या धंद्यात शिरलो आणि गेली चौदा वर्षं आठ-दहा जणांचे गट घेऊन बाली, थायलंडची बेटं आणि अंदमानला जातोय. स्कूटर मला आतून माहीत आहे, आणि तिच्यावरून पडून रस्ताही माहीत झालाय.

तुम्हाला चालवायला जमेल. लक्ष्मी रोडच्या गर्दीत ज्याचा रोज निभाव लागतो त्याला चांगूत काही नवीन शिकायचं नाही, शिवाय बालीत वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. मी तुमच्या जागी असतो तर दोनच गोष्टींचा विचार केला असता. पडलो तर बिल कोण भरणार? आणि आठ दिवसांतल्या नेमक्या कोणत्या रस्त्यांवर स्कूटर कामाची आहे? या दोन्हींची उत्तरं तुमच्या कागदांवर आणि वहिनींच्या मागे बसायच्या सवयीवर अवलंबून आहेत. तुम्ही त्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, म्हणून काही ठिकाणी मला 'असेल तर' असं म्हणावं लागेल.

लायसन्सपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. दुकानदार लायसन्स विचारत नाही. त्याला भाडं मिळतंय, तो कशाला विचारेल? रस्त्यावर मात्र तपासणी होते, आणि चांगू-सेमिन्याककडच्या चौकांत चांगलीच होते. तिथल्या २००९ च्या वाहतूक कायद्यात लायसन्स नसताना गाडी चालवली तर १० लाख रुपियापर्यंत दंड किंवा चार महिन्यांपर्यंत कैद आहे. हेल्मेट नसेल तर अडीच लाख रुपियापर्यंत दंड. आकडे ऐकून छातीत धडकी भरते, पण १० लाख रुपिया म्हणजे आपले साधारण पाच-साडेपाच हजार रुपये. २०२३ साली बालीच्या राज्यपालांनी पर्यटकांना स्कूटर भाड्याने देणंच बंद करायची भाषा केली होती. तसं झालं नाही, पण तेव्हापासून परदेशी माणूस स्कूटरवर दिसला की नजर जाते.

दंडाचं मला फार वाटत नाही, तो भरून माणूस पुढे जातो. लायसन्स खरं लागतं ते हॉस्पिटलमध्ये.

पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या गटात ठाण्याचे एक गृहस्थ होते, पन्नाशीचे. कॉलेजपासून स्कूटर चालवत आलेले, हात पक्का. चांगूला किनाऱ्याजवळच्या वळणावर वाळू सांडलेली होती, तिच्यावर पुढचा ब्रेक दाबला. वेग वीससुद्धा नसेल. गळपट्टीचं हाड मोडलं आणि प्लेट बसवावी लागली. प्रवास विमा घेतलेला होता, सगळे निर्धास्त होतो. विमा कंपनीने पहिल्याच ईमेलमध्ये लायसन्सचा फोटो मागितला. त्यावर फक्त चारचाकीचा वर्ग होता! दुचाकीचं लायसन्स त्यांनी आयुष्यात कधी काढलंच नव्हतं आणि तीस वर्षांत डोंबिवली-ठाण्यात त्यावाचून काही अडलंही नव्हतं. क्लेम नाकारला गेला. साडेचार लाखांच्या घरात गेलेलं बिल त्यांच्या मुलाने भारतातून पाठवलं, आणि ते पैसे येईपर्यंत मी माझं कार्ड ठेवून हॉस्पिटलच्या काउंटरवर बसून होतो. त्यांच्या बाजूने भांडायला माझ्याकडे मुद्दाच नव्हता.

तेव्हा आज संध्याकाळी लायसन्स हातात घ्या आणि त्यावरचे वर्ग वाचा. एमसीडब्ल्यूजी म्हणजे गिअरची दुचाकी. तो असेल तर पहिली पायरी झाली. नुसतं एलएमव्ही, म्हणजे चारचाकी, असेल तर स्कूटरचा विषय इथेच संपला, पुढचं वाचायचीही गरज नाही. फक्त विना गिअरचा वर्ग असेल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढताना दुचाकीच्या रकान्यात काय शिक्का बसतो ते आरटीओच्या खिडकीशी उभं असतानाच बघून घ्या, घरी आल्यावर नको.

हे परमिट म्हणजे आपण ज्याला आयडीपी म्हणतो ते. सारथी पोर्टलवर फॉर्म ४-ए भरायचा, पासपोर्ट आणि लायसन्सच्या प्रती जोडायच्या आणि डॉक्टरकडून फॉर्म १-ए वर सही घ्यायची. सरकारी फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. पुस्तिका हातात आली की दुचाकीसमोर, म्हणजे 'ए' वर्गासमोर शिक्का आहे ना ते तपासा. गडबडीत फक्त चारचाकीचा शिक्का मारून दिलेल्या पुस्तिका मी पाहिल्यात. आयडीपी एकटी चालत नाही, सोबत मूळ लायसन्सचं कार्ड लागतं. मोबाइलमधलं डिजिलॉकर आपल्याकडच्या हवालदाराला चालतं, बालीतल्या डेन्पासार शहरातल्या हवालदाराला नाही. आणि ऑनलाइन दोन तासांत 'इंटरनॅशनल लायसन्स' देतो म्हणणाऱ्या वेबसाइट्सच्या नादी लागू नका. भारतीय लायसन्सवरची आयडीपी भारतातल्या आरटीओचीच हवी.

आता विमा. पॉलिसीच्या पहिल्या पानावरचा डॉलरचा आकडा बघून लोक खूश होतात आणि 'यात काय येत नाही' हा भाग वाचत नाहीत. एजंटला फोन करू नका, कंपनीला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. भाड्याच्या दुचाकीवर चालक म्हणून अपघात झाला तर उपचाराचा खर्च देता का? मागे बसलेल्या व्यक्तीचा देता का? इंजिन किती सीसीपर्यंत चालतं? आयडीपी बंधनकारक आहे का? कॅशलेस आहे की आधी आपण भरायचं? काही पॉलिसींत दुचाकी सरळ वगळलेली असते, काहींत साहसी खेळांच्या यादीत टाकलेली असते आणि वरचा हप्ता भरला की आत येते. दारू प्यायलेली असेल किंवा हेल्मेट नसेल तर बहुतेक सगळे हात वर करतात. वहिनींची पॉलिसी वेगळी असेल तर तिचंही विचारा. पडताना मागचा माणूसही फेकला जातो.

आणखी एक जागा लोकांच्या लक्षात येत नाही. तुमच्या स्कूटरने दुसऱ्या कुणाला लागलं, किंवा कुणाची गाडी घासली, तर प्रवास विम्यातलं तृतीय पक्षाचं कलम सहसा मोटार वाहनाला लागूच होत नाही. भाड्याच्या स्कूटरचा स्वतःचा विमाही बहुतेक वेळा नावापुरता असतो. मग भरपाईची रक्कम तिथल्या तिथे, माणसांच्या घोळक्यात उभं राहून ठरते. लायसन्स नसलेल्या पाहुण्याची बाजू त्या घोळक्यात किती लंगडी असते ते सांगायला नको.

समजा कागद सगळे ठीक आहेत. मग रस्ते बघू.

उबुदचं गाव आणि आजूबाजूची भातशेती ही स्कूटरची जागा आहे. गावातल्या मधल्या रस्त्यावर दुपारी चारचाकी अर्धा अर्धा तास हलत नाही आणि स्कूटर सुळकन निघून जाते. सकाळी सातला तेगालालांगच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतांकडे निघा, नऊ-दहा किलोमीटर आहे, वाटेत थंडगार हवा असते. परतताना कुठल्याही आडवाटेला वळा. असा दिवस गाडीत बसून मिळत नाही. चांगूतही राहत्या जागेपासून किनारा, जेवण, बाजार एवढ्यापुरती स्कूटर उत्तम. फक्त तिथे भातखाचरांमधून काढलेल्या चिंचोळ्या शॉर्टकट वाटा आहेत. दोन्ही बाजूंना कठडा नाही, समोरून गाडी येते आणि मागचा हॉर्न देतो. खाचरात आणि पाटात गेलेल्या स्कूटरी मी दर फेरीत बघतो. गर्दीच्या वेळी मोठ्या रस्त्याने वळसा घाला, दहा मिनिटं जास्त लागतील.

उबुद ते चांगू हा मुक्काम बदलायचा प्रवास मात्र स्कूटरवर करू नका. पायाशी बॅग, पाठीवर सॅक, मागे वहिनी आणि शेजारून ट्रक. त्या दिवशी गाडी घ्याच. विमानतळाचंही तेच. किंतामानीचा ज्वालामुखी बघायचा असेल तरी गाडी घ्या. वर ढग उतरतात, अंगात टी-शर्ट असतो आणि हात गारठले की ब्रेकवरची बोटं मंदावतात.

नुसा पेनिडाबद्दल माझं मत ठाम आहे: स्कूटर नको. कारण सांगतो, थोडं गॅरेजमधलं आहे पण ऐका.

गिअरलेस स्कूटरचा क्लच आपल्या हातात नसतो. इंजिनाचे फेरे वाढले की आतले क्लच शू बाहेर फेकले जाऊन ड्रमला धरतात, फेरे पडले की सोडतात. उतारावर तुम्ही रेस पूर्ण सोडून ब्रेकवर ब्रेक मारत वेग अगदी कमी केलात की एका क्षणी क्लच सुटतो. मग इंजिनाचा चाकाशी संबंध संपतो आणि स्कूटर उतारावरच्या सायकलसारखी फक्त ब्रेकच्या भरवशावर राहते. मागचा ब्रेक ड्रमचा, तो तापला की लायनर गुळगुळीत होऊन धरत नाही. पुढचा डिस्क ब्रेक तेलावर चालतो. समुद्रकाठच्या दमट हवेत वर्षानुवर्षं न बदललेल्या ब्रेक ऑइलमध्ये पाणी शिरलेलं असतं, ते तापून उकळतं, आत वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर स्पंजसारखा आत जातो. पुण्यात हे तुमच्या कधी लक्षात येणार नाही, कारण तिथे असला लांब, तीव्र उतार रोजच्या वाटेवर नसतो. पेनिडाच्या पश्चिमेला दर दोन-तीन किलोमीटरवर आहे.

२०१७ ला पेनिडाच्याच केलिंगकिंग कड्याहून बंदराकडे परतताना मी याच गोष्टीत सापडलो. मागे आमच्या गटातला एक तरुण मुलगा होता. दुपारचे तीन, बोट चुकेल म्हणून घाई. आधी जळक्या लायनरचा वास आला. गॅरेजवाल्याला तो वास आईच्या फोडणीसारखा ओळखीचा, तरी मी म्हटलं हा उतार उतरू आणि थांबू. पुढच्या वळणाआधी उजवा लिव्हर दाबला तर तो सरळ मुठीला टेकला. डावा दाबला, लाकूड दाबल्यासारखा वाटला, गाडीवर परिणाम काही नाही. मग हिय्या करून रेस थोडी दिली. ब्रेक गेलेल्या गाडीला उतारावर रेस द्यायची हे शरीराला पटत नाही, पण तेवढ्याने क्लच धरला, इंजिनाने गाडी मागे ओढली, आणि मी ती डावीकडच्या मातीच्या चढात घासत नेऊन थांबवली. पाऊण मिनिटाचा खेळ असेल. समोरच्या टपरीवरची बाई धावत आली आणि पहिल्यांदा तिने काय केलं असेल तर बादलीतलं पाणी डिस्कवर ओतायला उचललं. तिला दोन्ही हातांनी थांबवलं. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकते आणि गाडी तिथेच राहते. अर्धा तास तिच्या बाकावर बसलो, नारळपाणी प्यायलो, लिव्हरमध्ये पुन्हा जीव आला. बोट चुकलीच.

तेव्हापासून पेनिडाला माझ्या गटाला मी ड्रायव्हरसकट गाडीच देतो. तुम्हाला एकच दिवस आहे, सानूरहून सकाळची बोट, संध्याकाळी परत. म्हणजे घाई ठरलेली, आणि घाईत असला उतार नको. बालीत इतर कुठे लांब उतार लागला तर एवढं करा: वेग आधीच कमी ठेवा, रेस पूर्ण मरू देऊ नका, दोन्ही ब्रेक आलटून पालटून दाबा-सोडा आणि वास आला की लगेच थांबा. मी केलं तसं पुढच्या वळणापर्यंत थांबू नका.

गाडी कोणती, तर एनमॅक्स नको. दिसायला रुबाबदार आहे, १५५ सीसी, सीट ऐसपैस, पण वजन १३० किलोच्या आसपास. तुमची ॲक्टिव्हा १०५-१०६ किलोची. उतारावर पार्क केलेली एनमॅक्स मागे ओढताना किंवा वाळूत पाय टेकवताना तो फरक कळतो. स्कूपी ९५ किलोची, गोंडस, एकट्याला झकास. दोघांना घेऊन उबुदच्या चढांवर धापा टाकते. तुम्हा दोघांना होंडा व्हेरिओ १२५ बरी. चाकं मोठी आहेत, खड्डे सहज घेते. भाडं स्कूपीचं दिवसाला साधारण ८० हजार ते एक लाख रुपिया, म्हणजे चार-साडेपाचशे रुपये. व्हेरिओचं त्याहून जरा वर. आठवड्याचं घेतलं तर उतरतं, घासाघीस चालते. ड्रायव्हरसकट गाडी दिवसाला सहा ते आठ लाख रुपियात मिळते. माझ्या हिशेबाने तुम्हाला गाडी तीन दिवस लागेल आणि स्कूटर चार दिवस.

स्कूटर ताब्यात घेताना दुकानदाराला आवडणार नाही एवढा वेळ घ्या. गोव्यात किंवा अंदमानात काळ्या पाटीवरची पिवळी अक्षरं बघून भाड्याची अधिकृत गाडी ओळखता येते, बालीत तशी सोय नाही. म्हणून तिथला नोंदणीचा कागद मागायचा. त्याला 'एसटीएनके' म्हणतात. त्यावरचा नंबर आणि पाटीवरचा 'डीके'ने सुरू होणारा नंबर जुळतो का ते बघायचं आणि तो कागद डिक्कीत ठेवायला सांगायचा. मग टायर. अंगठ्याने नक्षी चाचपा. टक्कल पडलेलं असेल तर दुसरी गाडी मागा, त्याच्याकडे असतेच. पुढचा लिव्हर जोरात दाबून धरा आणि दहापर्यंत मोजा. हळूहळू मुठीकडे सरकत असेल तर आत तेलाचा प्रश्न आहे, ती गाडी पेनिडाच काय, बाजारातही नको. दोन्ही हात सैल करून वीसच्या वेगाने सरळ चालवा, हँडल एका बाजूला ओढत असेल तर गाडी आपटलेली आहे. हेल्मेट डोक्यावर घालून पट्टा लावा आणि डोकं हलवा. तिथे फुकट मिळणारी हेल्मेटं बहुधा अर्धी टोपली असतात. पुणेकरांशी हेल्मेटवर बोलणं म्हणजे काय ते मला माहीत आहे, त्यामुळे वाद घालत नाही. शक्य असेल तर आपापली इथूनच घेऊन जा, चेक-इन बॅगेत कपडे भरून बसतात.

शेवटी मोबाइलवर व्हिडिओ. दुकानाच्या पाटीपासून सुरू करायचा आणि गाडीभोवती सावकाश फिरायचं. आधीचे ओरखडे जवळून घ्या, बंपर, आरसे, सायलेन्सरचं कव्हर, किलोमीटरचा आकडा, पेट्रोलचा काटा. दुकानदार फ्रेममध्ये आला तर आणखी बरं. तो व्हिडिओ त्याच्याच व्हॉट्सॲपवर लगेच पाठवून द्या.

पासपोर्ट देऊ नका. भांडायचं कारण नाही. हसत सांगा की हॉटेलने ठेवून घेतलाय, झेरॉक्स आणि रोख अनामत देतो. पाच दुकानांतली तीन ऐकतात, उरलेल्या दोघांना सोडून द्या. सगळ्यात सोपं म्हणजे तुमच्या होमस्टेच्या मालकाकडूनच गाडी घ्या. त्याला तुमची खोली माहीत असते, तो पासपोर्ट मागत नाही. पासपोर्ट दुकानात असला की परत देताना नसलेला ओरखडाही दिसायला लागतो आणि तुमचं विमान रात्रीचं असतं. शिवाय अपघात झाला तर हॉस्पिटलात पहिला कागद तोच मागतात. कधी हरवलाच तर डेन्पासारला भारताचं वाणिज्य दूतावास आहे, पण सुट्टीतले दोन दिवस तिथल्या बाकावर घालवायची वेळ यायला नको.

चालवतानाच्या चार गोष्टी, त्या तुम्हाला इथे बसून सुचणार नाहीत म्हणून सांगतो. दिवसाही दुचाकीचा हेडलाइट चालू ठेवायचा नियम आहे. 'हाती-हाती' अशी पाटी दिसली की वहिनींना हत्ती शोधायला सांगू नका, तिचा अर्थ 'जपून'. गतिरोधकाला तिथे 'पोलिसी तिदूर' म्हणतात, म्हणजे झोपलेला पोलीस, आणि गल्ल्यांतले बरेचसे झोपलेले पोलीस रंगवलेले नसतात. दुकानांसमोर रस्त्याच्या कडेला नारळाच्या पानांच्या छोट्या परड्यांत फुलं ठेवलेली दिसतील, तो देवाचा नैवेद्य असतो. त्यावरून चाक नेऊ नका. मिरवणूक आली तर कडेला थांबून इंजिन बंद करा, कुणी हॉर्न देत नाही.

वहिनींना एवढंच सांगा की चढणं-उतरणं कायम डावीकडून. सायलेन्सर उजव्या बाजूला असतो, आणि शॉर्ट्स घालून उजवीकडे उतरलेल्या पर्यटकांच्या पोटरीवर पुरीएवढा भाजल्याचा डाग सगळ्या बेटांवर दिसतो. भाजलंच तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं, टूथपेस्ट-हळद काही लावायचं नाही; आणि मग पुढचे चार दिवस समुद्रात पाय घालायचा नाही, म्हणजे सुट्टी तिथेच अर्धी झाली. मोबाइल हातात धरून नकाशा दाखवत बसू नये. चांगूकडे मागून येणाऱ्या स्कूटरवरून फोन आणि पर्स ओढून नेतात. वळणं आधी बघून ठेवा, चुकलात तर थांबून बघा. आणि त्यांना 'मीपण थोडी चालवून बघते' असं वाटलं तर त्यांच्या लायसन्सला आणि आयडीपीलाही वर लिहिलेलं सगळं तसंच लागू.

पेट्रोल काचेच्या बाटल्यांत भरून टपऱ्यांवर ठेवलेलं असतं, बऱ्याचदा दारूच्या रिकाम्या बाटल्यांत. अडचणीला एखादी बाटली चालते, नाहीतर पंपावरच भरा. पंक्चरवाल्याची पाटी 'तंबाल बान' अशी असते, आपल्याकडच्यासारखीच झाडाखाली कंप्रेसर घेऊन बसलेला असतो, बोटांनी आकडा दाखवतो. पहिल्या दिवशी, विमानाच्या जागरणानंतर, स्कूटर घेऊच नका. अंधार पडल्यावर गल्लीच्या बाहेर जायचं असेल तर मोबाइलवरून ग्रॅब किंवा गोजेकची टॅक्सी बोलवा, जेवणाबरोबर एक बिअर घ्यायचीही मोकळीक राहते.

परत देताना दिवसाउजेडी द्या, निघायच्या दिवशी सकाळी. विमानाच्या दोन तास आधी अजिबात नको. आधी गाडी धुऊन घेऊ नका. धुतलेली गाडी बघितली की दुकानदार जरा जास्तच निरखून बघायला लागतो. किलोमीटरचा आणि काट्याचा फोटो घ्या, अनामत मोजून घ्या, आणि तुमचा तो पहिल्या दिवशीचा व्हिडिओ त्याच्या व्हॉट्सॲपवर उघडून समोर धरून ठेवा. बहुतेक वेळा तो चालू करून दाखवायची वेळच येत नाही.

तुमच्या लायसन्सवर कोणता वर्ग आहे आणि विमा कंपनीचं काय उत्तर येतं ते इथेच खाली लिहा, त्याप्रमाणे पुढचं सांगतो.